डावा पीळ

चिमटाला गाडी चालवता येत नव्हती. शर्यतीच्या जुन्या गाड्यांची हुबेहूब मॉडेलं करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण ती स्वतः सगळीकडे बसने जायची. ओळखीचे लोक यावरून तिची चेष्टा करत. ती म्हणायची, "मी गाड्या करते. चालवणाऱ्यांचं पुढे काय होतं ते मला माहीत आहे."

टोपणनाव बाबांनी ठेवलेलं. बाबा शर्यतीच्या गाड्यांचे मेकॅनिक होते. इंजिनाच्या फटीत स्क्रू पडला की ते लेकीला हाक मारत. तिची बारीक बोटं जिथे जात तिथे कुठलंच हत्यार जात नसे. आता ती पन्नाशीला टेकली होती, चष्म्याचा नंबर वाढला होता, तरी सगळ्यांसाठी ती चिमटाच राहिली.

घरामागच्या खोलीत तिचं काम चाले. मोठी खिडकी, तिला लागून टेबल, टेबलावर छोटा लेथ, कानशींची ओळ आणि कपाळाला पट्ट्याने बांधायचं भिंग. मूळ गाडीचा आठवा हिस्सा हे तिचं ठरलेलं माप. चाकाला बहात्तर आरे असले तर ती बहात्तरच ओवणार. सत्तरावर थांबून "कोणाला दिसतंय" म्हणणाऱ्यांतली ती नव्हती. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. बारीक मापं घेणाऱ्या व्हर्नियरवर होता.

एके काळच्या नामांकित शर्यतवीराला सगळे नुसतं चँपियन म्हणत; त्याच्या सुनेचा फोन आला तेव्हा ती एका रेडिएटरची जाळी विणत होती.

"पप्पांना त्यांची जुनी गाडी हवी आहे, काचेच्या कपाटात ठेवायला," सून म्हणाली. "निळी. सात नंबरची."

चिमटाच्या हातातली जाळी निसटली. सात नंबरची निळी गाडी चँपियनची कधीच नव्हती. ती गॉगलकाकांची होती. बाबांचे जिवाभावाचे मित्र, संघाचे पहिले ड्रायव्हर, लहानग्या चिमटाला स्वतःचा गॉगल घालायला देणारे. चाळीस वर्षांपूर्वी भर शर्यतीत, वळणावर, त्या गाडीचं उजवीकडचं पुढचं चाक निखळलं आणि काका जागच्या जागी गेले. चँपियन तेव्हा संघाचा दुसरा ड्रायव्हर होता. पुढच्या शर्यतीपासून तो पहिला झाला आणि मग त्याने मागे वळून पाहिलं नाही.

चौकशीत ठपका बाबांवर आला. चाकाचा नट घट्ट कसलेलाच नव्हता म्हणे. "मी चारही कसले होते, चारही बांधले होते," एवढंच बाबा सांगत राहिले. कोणी ऐकलं नाही. मग कुठल्याच गॅरेजने त्यांना दारात उभं केलं नाही. पाण्याचे पंप दुरुस्त करत सहा वर्षं काढली आणि एक दिवस खाली मान घालूनच ते गेले. शाळेत मुलं चिमटाला 'खुन्याची मुलगी' म्हणत. ते शब्द तिच्या काळजात रुतले ते रुतलेच.

"पप्पा म्हणतात, त्या दिवशी होती तशीच हवी," सून सांगत होती. "आणि सीटवर ते स्वतः बसलेले हवेत."

"पण त्या दिवशी गाडी तर..."

"ते मला माहीत नाही हो बाई. त्यांनी सांगितलं ते सांगतेय. सगळे जुने अल्बम पाठवते."

चिमटाच्या अंगाचा तिळपापड झाला. मेलेल्या माणसाची जागासुद्धा याला पुरत नव्हती. फोन आपटावा असं वाटलं, पण अल्बम हा शब्द तिच्या कानात अडकला. ते फोटो आजवर बाहेरच्या कोणी पाहिले नव्हते. मॉडेलवाल्या बाई एवढीच तिची त्या घराला ओळख होती. ती हो म्हणाली.

चार महिन्यांत गाडी उभी राहिली. पत्रा ठोकून बॉनेटचा फुगवटा काढला, रंगाचे अकरा हात दिले, स्टिअरिंगला लाकडी कडं बसवलं. शेवटी चाकं आली. या चाकांच्या मधोमध एक मोठा नट असतो. तो फिरू नये म्हणून त्याच्या भोकातून तार ओवून तिला पीळ देतात. बाकीचे मेकॅनिक उजवा पीळ देत. बाबा डावखुरे, त्यांचा पीळ डावा पडायचा. चिमटा उजव्या हाताची असली तरी त्यांच्याकडेच शिकली होती, म्हणून तिचाही डावाच.

चारही नट तिने इवल्याशा पान्ह्याने कसले, केसासारखी तार ओवली, डावा पीळ दिला आणि जेवायला गेली. परत येऊन पाहते तर उजव्या पुढच्या चाकाच्या तारेला पीळ उजवा होता.

चुकून झालं असेल. हाताला सवय असते, पण हाताला वयही असतं, असं म्हणून ती स्वतःशीच हसली आणि तार बदलली. ब्रश धुवायला नळापाशी गेली, दोन मिनिटांत आली. पीळ उजवा. खालचा नट अर्धा फेरा सैल. आता तिने नटावर आणि चाकाच्या आसावर मिळून एक लाल रेघ ओढली, तिसऱ्यांदा तार बांधली आणि समोर ठाण मांडून बसली. भर दुपारची वेळ, खिडकीतून स्वच्छ ऊन, खोलीत दुसरं कोणी नाही. भिंगावर धूळ होती ती पुसायला तिने क्षणभर मान खाली घातली.

वर पाहिलं तेव्हा लाल रेघेचे दोन तुकडे दोन बाजूंना होते.

आणि एरंडेलाचा वास येत होता. त्या काळी शर्यतीच्या इंजिनांत एरंडेल घालत. बाबांच्या सदऱ्याला, हातांना, उशीलाही तोच वास असायचा. या घरात एरंडेलाची बाटली कित्येक वर्षांत आली नव्हती.

आई चहा घेऊन दारात उभी होती. तिला आता धड दिसत नसे. ती उंबऱ्यातच थबकली.

"हे आले होते का गं?"

बाबांना ती आयुष्यभर 'हे'च म्हणत आली होती.

"नाही गं आई. रंगाचा वास आहे."

"रंगाचा वास मला कळतो," आई म्हणाली. चहा ठेवून ती भिंत चाचपत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमटाने अल्बम उघडला. चार महिने ती त्यात पत्रे आणि पाइप पाहत होती. तारेकडे पाहण्याचं तिला सुचलंच नव्हतं. शर्यत सुटण्याआधीचा एक मोठा, लख्ख फोटो होता. चँपियन पांढऱ्या पोशाखात, गॉगलकाकांच्या खांद्यावर हात टाकून हसतोय, मागे गाडी समोरून दिसतेय. तिने भिंग खाली ओढलं. डाव्या चाकाच्या तारेला पीळ डावा. उजव्या चाकाच्या तारेला पीळ उजवा.

म्हणजे बाबांनी बांधलेली तार कोणीतरी सोडली होती, नट सैल केला होता आणि तपासणाऱ्याला बांधलेली दिसावी म्हणून तार पुन्हा पिळली होती. ज्याने पिळली त्याला बाबांचा हात ठाऊक नव्हता. चिमटाने भिंग चँपियनच्या हातावर सरकवलं. काकांच्या खांद्यावरच्या त्या पांढऱ्याशुभ्र हातमोज्याच्या अंगठ्यावर आणि पहिल्या बोटावर काळं ग्रीस होतं.

ती रडली नाही. उठून आईपाशी गेली आणि सगळं सांगितलं.

"मी ह्यांना एकदा विचारलं होतं," आई म्हणाली. "खरंच बांधली होती ना, म्हणून. त्यानंतर हे माझ्याशी मोकळेपणी कधी बोलले नाहीत." मग तिने चिमटाचा हात घट्ट धरला. "त्याच्या तोंडून वदवून घे. काहीही कर."

सीटवरचा पुतळा चिमटाने त्यानंतर केला. इतका जीव ओतून तिने आजवर काही केलं नव्हतं. कपाळावरची शीर, हनुवटीवरचा वण, डाव्या डोळ्याची बारीक मिचकावणी, काही सोडलं नाही. पाय पेडलांवर ठेवले. उजव्या पुढच्या चाकाची तार उजव्या पिळानेच राहू दिली. आता ती हलेना. निघायच्या दिवशी सकाळी तार सोडून तिने नट मात्र पुन्हा घट्ट कसला आणि तारेला तसाच उजवा पीळ दिला.

चँपियनच्या घरी काचेच्या कपाटांची एक वेगळीच खोली होती. करंडक, हार घातलेले फोटो, आणि मधोमध एक कपाट रिकामं ठेवलेलं. म्हातारा खुर्चीत बसून होता, पण नजर अजून घारीची. मॉडेल समोर ठेवताच त्याने पहिल्यांदा स्वतःचा चेहरा पाहिला आणि खूश झाला.

"वा! मी असाच होतो." मग तो चाकांकडे वळला. हळूहळू त्याचं हसू मावळलं. "तीन तारा उलट्या पिळल्यात तुम्ही. ही एकच सुलटी. का?"

"फोटोत तशीच आहे."

सून चहाचं विचारायला आत आली आणि दोघांचे चेहरे बघून परत गेली.

"कोण तुम्ही?"

"तुमच्या मेकॅनिकची मुलगी."

त्याने तिच्या बोटांकडे पाहिलं आणि मान हलवली. "काय हवंय?"

"एक ओळ. चाक मी सैल केलं होतं, एवढंच लिहून खाली सही करा. माझी आई जिवंत आहे तोवर तिला वाचून दाखवायचं आहे."

चँपियन हसला. "तो मेला, ज्याच्यासाठी रडतेस तोही मेला. मेलेल्यांना नाव कशाला लागतं गं?" त्याने बोट दाखवलं. "ही तार काढ. बाकीच्या तिघींसारखी बांध, मॉडेल कपाटात ठेव आणि चालती हो."

चिमटाने पिशवीतून हत्यारं काढली. तार कापली.

नट सैल होता.

सकाळी तिने स्वतः कसलेला नट बोट लावताच गरगर फिरला. पान्हा तिच्या उजव्या हाताशीच होता. दोन फेरे दिले असते की काम झालं असतं. नाकात एरंडेलाचा वास भरला. म्हाताऱ्याला तो आला नसावा. तो स्वतःच्या पुतळ्याकडे बघण्यात गुंग होता.

तिने पान्हा पिशवीत परत टाकला.

सैल नटावरूनच नवी तार ओढली, सुबक डावा पीळ दिला, टोक दुमडलं. कोणीही तपासलं असतं तरी बांधलेलीच दिसली असती. तिला भीती वाटली नाही. तिला बरं वाटलं.

चौथ्या दिवशी सुनेचा फोन आला. आवाज बसलेला. "पप्पा गेले. काल दुपारी. तुम्ही जरा याल का?"

चिमटा बसने गेली. सून तिला थेट त्या खोलीत घेऊन गेली आणि दार लावून घेतलं.

"दोन दिवस ते या खुर्चीतून उठले नाहीत. जेवले नाहीत. नुसते लिहीत होते." तिने कागदांचा गठ्ठा पुढे केला. "मॉडेलवाल्या बाईला द्या, म्हणून ओरडत होते. मी तुम्हाला फोन लावायला बाहेर गेले आणि आत गाडीचा आवाज झाला. मला वाटलं, टीव्ही लावला."

कागदांवर एकच ओळ होती. चाक मी सैल केलं होतं. खाली सही. पुन्हा तीच ओळ, पुन्हा सही, पानामागून पान. शेवटच्या पानांवर अक्षर फाटत गेलं होतं.

"डॉक्टर म्हणाले, छातीच्या बरगड्या मोडल्यात," सून कुजबुजली. "खुर्चीत बसल्या जागी कशा मोडतील हो?"

चिमटाने एक कागद घडी घालून जवळ ठेवला. आईला तेवढा पुरे होता.

"आणि हे बघा ना. कपाटाला कुलूप आहे, काच शाबूत आहे, आणि चाक इकडे खाली, भिंतीपाशी पडलेलं. लोक भेटायला येतील, बरं दिसत नाही. तेवढं बसवून द्याल?"

सुनेने कुलूप काढलं. चिमटाने चाक उचललं. ते गरम होतं. तिने पिशवीतलं भिंग काढून कपाळाला बांधलं आणि वाकून गाडीत पाहिलं.

पुतळ्याचा डावा डोळा तिने बारीक मिचकावलेला केला होता. आता दोन्ही डोळे सताड उघडे होते. उजवा पाय गुडघ्यातून ताठ झाला होता. ब्रेकचं पेडल तिने तांब्याच्या एका तुकड्याचं, न हलणारं केलेलं. ते पार तळाला टेकलं होतं, आणि बूट त्यावर थरथरत होता.

"बसेल ना?" सुनेने विचारलं.

एक ओळ हवी होती, ती मिळाली होती. चाक हातात होतं, पान्हा पिशवीत होता.

"नाही," चिमटा म्हणाली. "आता असंच राहू दे."

तिने चाक पिशवीत टाकलं आणि काच सरकवून स्वतः कुलूप लावलं. काचेआड बारीक टिक झालं. पेडल सुटलं होतं. मग ते पुन्हा दाबलं गेलं.