रुमालाखालचा भाव

"माह्यासंग मंगळावर येतं का?"

हा प्रश्न माझा नाही, हे आधीच सांगून ठेवते. तो मेहनाज आणि प्रेरणा या माझ्या दोन शत्रूंचा आहे. शाळेत त्यांना माझ्या मैत्रिणी म्हणतात! "विचारून दाखव कहकशां, नाहीतर तुझा तो खेळ आम्ही हातात पण घेणार नाही," अशी त्यांची अट. आणि विचारायचं कोणाला? तर दहावी 'ब'च्या आसिमला. ज्याच्याकडे मी कधीच बघत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असते.

तो नळावर पाणी पीत होता. त्याने नळ बंद केला, ओल्या मनगटाने हनुवटी पुसली आणि अगदी गंभीरपणे विचारलं,

"भाडं किती?"

मागे मेहनाज खिदळली. माझे कान तापले. "भ... भाडं नाही. खेळ आहे. मी बनवला. अजून कच्चा आहे."

"कच्चा असन तं सस्त्यात दे."

असला आगाऊ मुलगा!

माझ्या खेळाचं नाव 'गुरू-शनी ट्रेडिंग कंपनी'. तक्त्याच्या कागदावर सगळे ग्रह काढलेत, सोड्याच्या बाटल्यांची झाकणं म्हणजे यानं. चंद्रावरून बर्फ घ्यायचा, मंगळावर विकायचा, तिथून लोखंड उचलून शनीकडे निघायचं. मालाचे पत्ते मात्र खास आहेत. इथे दिग्रसलाच आमचा छोटा छापखाना आहे, तिथल्या बिघडलेल्या लग्नपत्रिका कापून केलेत. एका बाजूला 'शुभविवाह', दुसऱ्या बाजूला 'बर्फ, दहा टन, भाव चारशे'.

कडुनिंबाखालच्या ओट्यावर तक्ता पसरला. आणि पंधरा मिनिटांत — फक्त पंधरा! — आसिमने चंद्रावरचा सगळा बर्फ उचलला, मंगळ तहानेने मारला आणि जांभई दिली.

"भाव तं पत्त्यावरच लिवला हाय. सगळ्याइले मालूम. मंग सौदा कायचा? हे तं रेशनचं दुकान झालं."

रेशनचं दुकान! माझ्या तीन महिन्यांना! मी तक्ता गुंडाळायलाच घेतला.

"रागावली काय?"

"मी रागावत नाही."

"मंग माह्यं यान काहून जप्त केलं?"

मुठीत बघितलं, तर खरंच त्याचं झाकण होतं. तो हसला. गळ्यातला चौकड्याचा रुमाल काढून त्याने मधे धरला. "हात दे."

"कायले?"

"सौदा शिकवतो. माह्ये अब्बा बकऱ्याच्या बाजारात दलाल हायेत. तिथं भाव कोनी वरडून सांगत नाही. रुमालाखाली बोटं धरतेत. दोन धरले तं दोन, पाची धरले तं पाच. शेकडा का हजार, तेवढं तोंडानं सांगाचं. ज्याचा सौदा, त्यालेच मालूम."

मी हात दिला. खेळासाठी, बरं का. त्याची बोटं नळाच्या पाण्याने अजून गार होती. त्याने माझं एक बोट धरलं, मग दुसरं... "शेकडा," तो म्हणाला. दोनशे. बर्फाला दोनशे? लूटच की! मी चिडून त्याची चार बोटं आवळली. "शेकडा!"

"आई गं! चंद्रावरची बाई लय कडक हाय."

त्या रात्री मी प्रत्येक पत्त्यावरचा भाव खोडून टाकला. त्याचं बरोबर होतं, याचाच जास्त राग आला.

आठ दिवसांत आख्खी दहावी त्या ओट्यावर जमायला लागली. शनीच्या कड्यांवर काय भाव ठरला, हे दोघांनाच ठाऊक. बाकीच्यांनी नुसते चेहरे वाचायचे. प्रेरणा तर नेपच्यूनची शेठाणी झाली. मी रोज एक नियम बदलायची, आसिम रोज त्यातली एक पळवाट शोधायचा, आणि आम्ही घंटा होईपर्यंत भांडायचो. जिनिंग कारखान्याकडे जाणाऱ्या गाड्यांमधला कापूस उडून यायचा. एकदा माझ्या केसांतला पुंजका त्याने हलकेच काढला आणि तक्त्यावर ठेवला. "घे, धूमकेतू." मी रागाने बघितलं. म्हणजे... प्रयत्न केला.

मग तो गुरुवार. लोखंडाचा शेवटचा सौदा. रुमालाखाली त्याने माझी पाची बोटं धरली.

"पाच? शेकडा का हजार?"

तो बोलेचना. हातही सोडेना.

"आसिम, एकक सांग ना..."

"याले एकक नाही," तो म्हणाला. इतकं हळू, की...

रुमाल खस्सकन ओढला गेला. वर बघितलं, तर विज्ञानाचे हरिसिंग सर!

शिक्षकांच्या खोलीत सरांनी तक्ता उलटसुलट बघितला. "खेळ उत्तम आहे. यवतमाळच्या प्रदर्शनात पाठवू. पण मुलीने चारचौघांत असं हात धरून बसणं बरं दिसत नाही. आसिम आणि त्याच्या वर्गातला तनवीर खेळ मांडतील. तू चित्रं छान रंगव. तुझं नाव 'साहाय्य' या रकान्यात टाकू."

साहाय्य! माझ्याच खेळात मी साहाय्य! तनवीरला तर मंगळ कुठला आणि गुरू कुठला ते कळत नाही! दोन मुलांनी हात धरला की सौदा, मी धरला की तमाशा? मी आसिमकडे बघितलं. तो बुटांकडे बघत होता. मी दार आदळून निघून गेले.

शाळा सुटल्यावर तो सायकलीपाशी आला.

"बकऱ्यानं जीभ खाल्ली होती का तुझी?" मी ओरडले. "आता जा यवतमाळले! बस माझ्या खुर्चीवर!"

"झालं काय बोलून?"

"नाही झालं!"

"बोल मंग. मी थांबतो."

मी सायकलीचं कुलूप काढायला घेतलं. त्याने दप्तरातून प्रदर्शनाचा फॉर्म काढला. त्याच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं: निर्मिती आणि सादरीकरण — कहकशां जफर. आणि खाली, साहाय्य — आसिम, रुमाल पुरवणारा.

"तू दार आदळून गेली, मी तिथंच थांबलो. सरांले म्हनलं, खेळ तिचा हाय, तिच्याबिगर मी येत नाही. लय रागावले. मंग म्हनले, तिच्या घरच्यायनं सही केली तं मी कोन अडवनारा."

"माझ्यासमोर का नाही बोललास?"

"तुह्यासमोर... मले बोलनंच सुचत नाही. बोटायनं सांगतलं होतं ना."

सायकलींच्या रांगेत कापसाचे पुंजके गडगडत होते. रुमाल सरांकडे जप्त. मी इकडेतिकडे बघितलं, मग बघणं सोडून दिलं, आणि उघड्यावर त्याची पाची बोटं धरली.

"एकक?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणाले आणि सायकल दामटली.

छापखान्यात अब्बू मशीन चालवत होते, अम्मी पत्रिका दुमडत होती. मी फॉर्म बरोबर दोघांच्या मधे ठेवला आणि मशीनचं बटण बंद केलं.

"अब्बू, अम्मी, ऐका. मी शनिवारी यवतमाळले जाऊन राह्यली. खेळ मी बनवला, तं खुर्चीवर मीच बसन. समोर आसिम बसन. रुमालाचा नियम मी बदलत नाही, कोनाले कसाबी दिसो. सही इथं करा, दोघायनंबी. अन् आसिम मले आवडते. फॉर्मवर त्याले रकाना नव्हता, म्हनून तोंडानं सांगून राह्यली."