पाळणा नेला, वरवंटा ठेवला

कुर्र...

भर दुपार. लाइट गेलेली, पंखा बंद. बाळ माझ्या कुशीत, थोरली आरोही शेजारी झोपलेली.

आणि समोरचा रिकामा पाळणा... हलत होता.

असल्या गोष्टी वाचून मीच हसायचे. रिकामटेकड्यांचे उद्योग म्हणायचे. पण ही घडलीय. गेल्या दिवाळीनंतर, परळीत, आमच्या भाड्याच्या घरात. लेकरं निजली की दोन ओळी लिहितेय, तुटक वाटलं तर समजून घ्या.

पाळणा बंकटकाकांच्या दुकानातला. दुकान कसलं... लोकांनी टाकलेला पसारा. दांड्या तुटलेल्या कढया, बँडवाल्यांचा चेपलेला बाजा, आणि सगळ्यावर थर्मल वीजकेंद्राच्या राखेचा थर. भंगार म्हटलं की काकांना राग.

"जुनं सामान म्हना, ताई."

पाळणा मात्र सागवानी होता. आत कुंची घातलेला एक वरवंटा.

"ह्यो बी न्यावा लागतोय," काका म्हणाले.

"कशाला? माझ्याकडे मिक्सर आहे."

माझा नवरा सोमेश्वर फिदीफिदी हसला. काका हसले नाहीत.

"बारशाला आदी वरवंटा निजवत्यात, मंग लेकरू. आमच्या मायचं पहिलं लेकरू बारशाआदीच गेलं. तिनं पाळण्यात यालाच निजवलं. नाव ठिवलं, कुंची शिवली. रोज दुपारी पदराखाली घ्यायची."

"दगडाला?"

"हां. मंग आळीतल्या बाया बारशाला पाळणा मागू लागल्या. परत करताना कुणी तांब्या ठिवायचं, कुणी कंदील. तसं हे दुकान झालं. माय गेली, पन याच्याबिगर पाळणा न्हाई दिला कदी."

"मला पाळणा हवाय, तुमचा दगड नको."

वरवंटा तिथेच ठेवून आम्ही निघालो. दगडाला दूध पाजणारी बाई... रस्ताभर मी हसत होते.

त्या दुपारपासून कुर्र... सुरू झालं.

कडी गंजली असेल म्हणून सोमेश्वरने तेल घातलं.

आवाज गेला.

पाळणा हलतच राहिला.

मग बाळ दूध पिईना. जवळ घेतलं की तोंड फिरवायचं. पोट भरल्यासारखं. पाळण्यातून उचललं की त्याच्या ओठांना दूध लागलेलं असायचं...

मी पाजलेलं नसायचं.

आणि बाळ वाळत चाललेलं. मनगटाची काळी मणगटी ढिली होऊन गळून पडली. डॉक्टर म्हणाले, तपासण्या ठीक आहेत. मोठे आले डॉक्टर.

शेवटी आरोहीचा हात धरून दुकानात गेले.

"मिक्सर बिघडला काय, ताई?" काका म्हणाले.

पाळणाच परत देते म्हटलं, तर काकांनी मान हलवली.

"आता न्हाई. पाळण्यातल्याला घर लागलं."

वरवंटा आणून पाळण्यात निजवला. पाळणा थांबला. त्याच संध्याकाळी बाळ माझ्या अंगावर पोटभर प्यालं. इवल्या मुठीत माझं बोट धरून. मी किती रडले, ते सोमेश्वरलाही सांगितलं नाही.

आता बाळ चांगलं भरलंय. आणि मी अजूनही असलं काही मानत नाही. दगड तो दगड.

पण आज दुपारी आरोही पाळण्यात वाकली होती. दोन्ही हात घालून वरवंटा ओढत होती.

"आई, दुकानातून याला मीच उचलून आणलं होतं ना?"

"हो गं."

"मग आता मला का उचलवत नाही?"