विठाचं शेवटचं कार्ड

हिरामणला आपल्या नजरेचा भलता तोरा. कॉलेजच्या थरारपटातला खून कसा दिसेल, हे आधी चितारायचं आणि मगच कॅमेऱ्याला हात लावायचा, ही त्याची शिस्त. साल ब्याण्णव. अंबरनाथ एमआयडीसीतला एक बंद रंगाचा कारखाना त्याला पसंत पडला. फाटकापाशी खोक्यात कामगारांची हजेरीची जुनी पंचकार्डं होती; मागची बाजू कोरी, आकार नेमका चित्राच्या चौकटीएवढा. त्याने पाच उचलली.

"ती विठाची हायेत," रखवालदार किसनमामा दबक्या आवाजात म्हणाले. "रंगाच्या मशीनच्या रुळात गावला बिचारा. शेवटच्या कार्डावर आत गेल्याचा शिक्का हाय, भायेर आल्याचा नाय. ठेव जागेवर."

"मामा, कागदाला काय होतंय!" हिरामण हसला. इथेच गडी फसला.

चार कार्डांवर चार चित्रं झाली. उघडं दार. भिंतीवर सावली. रंग दळायच्या रुळांवर टेकलेला हात. मग तोच हात रुळांच्या मध्ये, कोपरापर्यंत. सगळं राखाडी, फक्त रक्त लाल. पाचवं कार्ड कोरंच राहिलं. शेवट सुचत नव्हता.

भर दुपारी शूटिंग सुरू झालं. कामगार झाला होता मधू, त्याचा बालमित्र. मधू तबला वाजवायचा.

"हिऱ्या, मशीन बंद आहे ना नक्की? पुढच्या महिन्यात परीक्षा आहे यार माझी."

"अरे, सात वर्षं इथे लाइट नाय. टेन्शन मत ले. हात अजून आत... अजून थोडा..."

चित्रातल्यासारखं दिसेपर्यंत त्याचं समाधान होईना. तेवढ्यात ओल्या रंगाचा उग्र वास आला, आणि रूळ फिरले.

मधूची किंकाळी पत्र्यांवर आदळत राहिली. बोटं गेली, मनगट गेलं, हाडं कडाकडा मोडली. हिरामणने कमरेला धरून त्याला ओढलं, तसं रुळांनी आणखी आत खेचलं. रक्त हिरामणच्या चष्म्यावर उडालं. कोपराशी येऊन रूळ थांबले, चित्रात होते तिथेच.

मधू वाचला. हात गेला. इस्पितळाच्या बाकावर हिरामण ढसाढसा रडला. 'अजून थोडा' आपणच म्हणालो, हे आता जन्माला पुरणार होतं. जाळून टाकू म्हणून त्याने खिशातली कार्डं काढली.

पाचवं कोरं नव्हतं. त्याच्याच पेन्सिलीच्या वळणाने काढलेले तेच रूळ, आणि त्यांच्यात एक मान. शेजारी त्याचा चष्मा पडलेला. त्याने कार्ड उलटलं. विठाच्या नावापुढे बाहेर आल्याचा शिक्का होता. तारीख आजची. शाई अजून ओली.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी येऊन बसलं. हिरामणने मान वर केली नाही. ओल्या रंगाचा वास येत होता...