काजळी धरलेलं बारावं यान

फौजेत वीस वर्षं मी गाड्यांना रंग दिला. भुताखेतांच्या गोष्टी बराकीत पुष्कळ ऐकल्या, एकही मानली नाही.

ही मानावी लागली. कारण ती माझ्या घरात घडली. पलूसला, १९७८ च्या चैत्रात. रात्र नव्हती. भर दुपार होती आणि मी जागा होतो.

पेन्शनीवर आल्यावर मी लाकडाची छोटी अंतराळयानं करायचो. सांगलीचे बाळासो मास्तर कॉलेजात शिकवत. त्यांच्या भावानं परदेशातून एका खेळाचे नियम धाडले होते. टेबलावर आकाश आखायचं, फासे टाकायचे, यानांची लढाई लावायची. नियम आले, पण यानं आली नाहीत. मास्तरांनी मला बारा यानं करायला सांगितली.

बोटाएवढं एकेक यान. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, खाली तीन खिळ्यांचे पाय. रुपेरी रंग मी द्यायचो.

मळवायचं काम अंजनाचं. माझ्या बायकोचं.

पहिलं यान मी चकचकीत करून तिच्या हातात दिलं, तर ती हसली.

"आवं, ह्ये यान हाय का वरातीतली मोटार?"

"नवं नको दिसाय?"

"नवं म्हंजे कुटं गेलंच न्हाई. मळलेलं म्हंजे जाऊन आलेलं. द्या हिकडं."

तिनं यान पणतीवर धरलं. काजळी बसल्यावर उजव्या अंगठ्यानं ती टोकाकडून शेपटाकडं ओढली. कडांना गेरू चोळला. यान खरंच लांबून आल्यासारखं दिसायला लागलं.

तिच्या अंगठ्यावर विळ्याचा तिरका वण होता. त्यामुळं काजळीत एक बारीक पांढरी रेघ राहायची. प्रत्येक यानावर.

अकरा यानं झाली आणि तिला कावीळ झाली. पंधरा दिवसांत ती गेली.

जायच्या आदल्या दिवशी म्हणाली, "बारावं तेवढं मळवाय राहिलं बगा."

आमच्याकडं माणूस जिथं जातं तिथं पीठ पसरून दिवा ठेवतात. वर वेळूची पाटी पालथी झाकतात. दहा दिवस दिवा विझू द्यायचा नसतो. त्याच्या उजेडात जीव वाट काढतो म्हणतात. दहाव्याला पाटी उचलून पिठावर काय उमटलंय ते बघतात.

नववा दिवस होता. भावकीतून आलेली भाकरी खाऊन सगळे बाहेर लिंबाखाली पडले होते. मी एकटाच घरात.

खिडकीत बारावं यान होतं. कोरं.

म्हटलं, तिचं एवढं तरी पुरं करू.

सुतकात आमची चूल बंद. घरात विस्तव एकच होता... पाटीखालचा.

मी पाटी एका बाजूनं उचलली आणि यान ज्योतीवर धरलं. रंग तापून फुगला. एक थेंब खाली पडला...

दिवा विझला.

काडी ओढून दिवा पुन्हा लावला. पाटी झाकली. कुणी पाहिलं नव्हतं.

मग काजळी माझ्या अंगठ्यानं ओढली. टोकाकडून शेपटाकडं, ती ओढायची तशी.

माझ्या अंगठ्यावर वण नाही.

तरी काजळीत पांढरी तिरकी रेघ उमटली होती...

यान खिडकीत ठेवून मी बाहेर माणसांत जाऊन बसलो.

दहाव्याला माझी चुलती अंबूबाई हिनं पाटी उचलली. बाया वाकून बघायला लागल्या.

पिठात बारीक टोचे होते. तीन-तीनचे.

"पाखराचं पाय हायती," अंबूबाई म्हणाली. "पोरीला पाखराचा जलम आला गं. उडून गेली, सुटली." मग माझ्याकडं वळली. "केरबा, दिवा मधी इझला न्हवता न्हवं?"

"न्हाई काकू."

आयुष्यात एवढं मोठं खोटं मी बोललो नव्हतो.

बाया उठल्यावर मी जवळ बसून बघितलं. टोच्यांच्या दोन ओळी होत्या. एक दिव्यापासून पिठाच्या काठापर्यंत. तिचे टोचे स्वच्छ पांढरे.

दुसरी काठापासून परत दिव्यापर्यंत.

तिच्या प्रत्येक टोच्यात काजळी होती...

मी खिडकीतलं यान उलटं केलं. तिन्ही खिळ्यांना पीठ लागलेलं.

काजळी मी नवव्या दिवशी लावली. म्हणजे पांढरे टोचे त्याआधीचे; अंजना तेव्हाच गेली होती. सुखानं गेली होती. मी तिची वाट विझवली आणि यान मळवलं. मळलेलं म्हणजे जाऊन आलेलं.

मी तिला परत आणलं होतं.

महिन्यानं बाळासो मास्तर आले. मी अकराच यानं पुढं ठेवली.

"आणि बारावं?"

"बिघडलं."

"बिघडलं, का तुमचा जीव अडकलाय त्यात?"

मी चहा ठेवायला उठलो.

बारावं यान मी रॉकेलच्या बोळ्यानं लख्ख पुसलं. ते कोरं झालं तर तिला निघता येईल, एवढंच डोक्यात होतं. तिच्या जागेवर दिवाही लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा काळं. वर तीच रेघ.

वर्षभर रोज पुसलं. रोज दुपारी काळं. पुसताना मी माफी मागायचो, आणि मागं वळून बघायचं धाडस व्हायचं नाही.

परवा दुपारी भिंतीला टेकून बसलो होतो. डोळा लागला असेल. उठलो ते पुसायला.

यान कोरं होतं. लख्ख. बोळा कोरडा होता.

वाटलं, गेली. सुटली. पहिल्यांदा मोकळा रडलो. तोंड धुवायला मोरीत गेलो आणि आरशात पाहिलं...

कपाळापासून कानामागं काजळी ओढलेली होती. मधोमध तिरकी पांढरी रेघ. कानाच्या कडेला गेरू.

दोन दिवस झाले. साबणानं घासूनही ती निघत नाही.

मी कुठं जाऊन आलो, ते मला आठवत नाही.