उणे बारा

आंबे फस्त करायचे, विहिरीत पोहायचं आणि कांद्याच्या गोण्यांवर किल्ला बांधायचा, असा आभा आणि आल्हाद या भावंडांचा सुट्टीचा बेत पक्का होता. नाशिकहून ती दोघं विंचूरला उपेंद्रकाकाच्या कांद्याच्या खळ्यावर पोचली, तर बेताची तिसरी भागीदार कौसर फाटकाबाहेरच बसलेली.

तिची अम्मी सकीना नऊ वर्षं इथे कांदे निवडून गोण्या भरत होती. काल दुपारी तिच्या गोण्या हलक्या निघाल्या. वजन करणाऱ्या भिमाजीने सगळ्या बायकांसमोर तिची पिशवी उलटी केली. आतून डबा आणि फणी पडली, कांदा एकही नाही. तरी तिला कामावरून काढलं.

"अम्मीनं काही नेलं नाही," कौसर म्हणाली. तिचं रडून झालं होतं, आता नुसता राग उरला होता.

आल्हादने काकाच्या टेबलावरच्या तारेला टोचलेल्या कालच्या वजनाच्या चिठ्ठ्या हळूच आणल्या. हे बरोबर नव्हतं, पण ती झडती तरी कुठे बरोबर होती?

त्यात सकीनाच्या चार होत्या. सकाळी दोन मोठ्या गोण्या आणि एक लहान, एकशे तीस किलो. एक मोठी, दोन लहान, एकशे दहा. दुपारी पुन्हा दोन मोठ्या, एक लहान, पण एकशे अठरा! आणि चार मोठ्या, दोन लहान, दोनशे अठ्ठेचाळीस.

नववीत नुकतीच समीकरणं झालेली. कौसरने आलेखवही उघडली. मोठ्या गोणीचं वजन आडव्या अक्षावर, लहानीचं उभ्या. सकाळच्या दोन रेषा एकमेकींना नेमक्या पन्नास आणि तीसवर छेदून गेल्या. खळ्यावर गोण्यांचं ठरलेलं वजनही तेच. दुपारच्या दोन रेषा मात्र समांतर! वहीच्या कडेपर्यंत नेल्या तरी भेटेनात.

"म्हणजे याला उत्तरच नाही," आभा म्हणाली. "सगळ्या गोण्या सारख्याच हलक्या भरल्या असतील, तर या दोन्ही चिठ्ठ्या एकदम खऱ्या असू शकत नाहीत."

आल्हाद बोटांवर मोजत होता. एकशे तीसला बारा कमी. दोनशे साठलाही बाराच कमी. गोण्या दुप्पट आणि तूट तेवढीच? कांदे चोरले असते, तर तूटही वाढायला नको?

कौसरने दुपारच्या दोन्ही वजनांत बारा मिळवून रेषा पुन्हा काढल्या. आता त्या एकीवर एक पडल्या आणि सकाळच्या त्याच छेदबिंदूतून गेल्या.

"गोण्या खऱ्या आहेत," ती म्हणाली. "काटा खोटा आहे."

जेवणानंतर तिघं गोण्यांआड लपली. मोठ्या गोण्या कलंडू नयेत म्हणून काट्यावर एक जाड फळी असायची. रोज सकाळी भिमाजी ती ठेवूनच काटा शून्यावर आणायचा. आत्ता त्याने ती ओढून कूलरसमोर टाकली आणि तिच्यावर ताणून दिली. उठल्यावर फळी तिथेच राहिली. रिकाम्या काट्यावर लाल आकडे होते: उणे बारा. तिकडे न बघताच त्याने पुढची गोणी काट्यावर टाकली.

आभाने उरलेल्या चिठ्ठ्याही तपासल्या. काल दुपारी सगळ्याच बायकांच्या प्रत्येक चिठ्ठीत बारा किलो कमी होते. पिशवी मात्र एकीचीच उलटी झाली होती.

पोरांनी बोलावल्यावर काका आला. फळी काट्यावर ठेवली, शून्य. उचलली, उणे बारा. तो पोट धरून हसला.

"लय उकडतं हो शेठ, डोळा लागतो," भिमाजी म्हणाला. "माणूस हाय, चुकणारच."

काकाने आईस्क्रीम मागवलं, आभाची पाठ थोपटली. आलेख कौसरचा आहे, असं आभाने दोनदा सांगितलं. तेव्हा त्याने कौसरलाही शाबासकी दिली आणि अम्मीला उद्यापासून यायला सांगितलं.

"काका, पिशवी सगळ्यांसमोर उलटी केली होती," कौसर म्हणाली. "अम्मीची चूक नव्हती, हेही सगळ्यांसमोर सांगाल?"

काकाने मोबाइल काढला. "अगं, झालं गेलं. आता भिमाजीला कशाला खाली बघायला लावायचं?"

कौसरने आईस्क्रीमला हात लावला नाही.

सकीना परत आली नाही. ती आता लासलगावच्या एका खळ्यावर जाते. तो आलेख फ्रेम करून काकाने ऑफिसात लावला आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो पुतणीची हुशारी सांगतो. आभाने दोन-तीन बायकांना खरं काय ते सांगून पाहिलं. पण शेठ काही बोलले नाहीत, मग पोरीचं कोण ऐकणार? खळ्यावर अजूनही म्हणतात, सकीना कांदे न्यायची.