खाल्लेली मात्रा

या, जरा पुढे सरकून बसा. गोष्ट हाताची आहे, आणि हात जवळूनच बघावा लागतो. शाल्मलीबुवांची आणि एका मृदंगाची गोष्ट सांगतो. त्या मृदंगाला ना खोड होतं ना कातडं, तरी तो हरवला, आणि एक बाई त्याच्यासाठी कंबर कसून उभी राहिली.

आता घरटी एकजण तरी ‘नादपूर’ खेळतो. कांद्याच्या पापुद्र्याएवढे पातळ मोजे हातांत घालायचे, चष्मा चढवायचा, की आपण नादपूरच्या जत्रेत. तिथे मृदंग मिळतो, रांगोळीची वाटी मिळते, वल्हं मिळतं, कणकेची परात मिळते. वस्तू सगळ्या आभासी, पण त्या शिकतात. वर्षानुवर्षं एकाच हाताखाली राहिल्या की त्या हाताची लकब त्यांच्यात मुरते. याला म्हणतात हातवळण. हातवळण मुरलेला मृदंग मिळाला तर नवशिक्याच्या बोटांतूनही जाणता बोलतो. म्हणून अशा वस्तू हातोहात खपतात, आणि त्यांचा सगळ्यांत मोठा बाजार म्हणजे ‘अदलाबदल’.

शाल्मलीबुवा म्हणजे बाईच. पण कीर्तनाला नारदाच्या गादीवर उभं राहणाऱ्याला सांगलीत बुवाच म्हणतात. धाकटा भाऊ हृषीकेश त्यांच्या मागे चाळीस वर्षं मृदंगाला बसला. पुढे त्याची बोटं संधिवाताने आखडली, कातड्यावर थाप पडेना. नादपुरात नुसता स्पर्श पुरतो, म्हणून शेवटची नऊ वर्षं तो तिथेच वाजवी आणि ताई घरातून त्याच्या साथीवर गात. तो गेला. तेराव्याच्या आतच कुणी चोराने त्याचं खातं फोडून मृदंग अदलाबदलवर विकला.

गाऱ्हाणं ग्राहक मंचापुढे आलं. तीन वर्षं चाललं. शेवटच्या सुनावणीला अदलाबदलचे वकील पुष्कर रेगे गोड आवाजात म्हणाले, “बाई, आमचा फक्त बाजार आहे. आम्ही जागा देतो. कोण काय आणतो, कुणाचं आणतो, त्याची जबाबदारी आमची कशी?”

“देवळाबाहेर चपला सांभाळणाराही जागाच देतो,” बुवा म्हणाल्या. “पण तो बिल्ला देतो, बाबा. बिल्ल्याशिवाय चप्पल देत नाही. तुम्ही तर माझ्या भावाची चप्पल दुसऱ्याच्या पायात घालून वर ‘शुभ प्रवास’ म्हणालात.”

मंचाच्या अध्यक्षांनी हसू दाबण्यासाठी पाणी प्यायलं.

“शिवाय,” रेगे म्हणाले, “तो मृदंग तेरा हातांतून फिरला. दर विक्रीला नोंदणीचा क्रमांक बदलतो. हाच तो, हे ओळखणार कसं?”

मंचाने नेमलेल्या तज्ज्ञ डॉ. अरीफा सतारमेकर तेव्हा उभ्या राहिल्या. मिरजेच्या वाद्यवाल्यांच्या घरातल्या. आजोबांनी भोपळे कोरले, नातीने हातवळणाचं गणित मांडलं.

“क्रमांकाला काय विचारता? हाताला विचारा,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे त्याचं वाजवणं त्यात भरून ठेवलंय?” अध्यक्षांनी विचारलं.

“नाही साहेब. भरून ठेवलेलं वाजवणं म्हणजे बरणीतलं लोणचं. जे घातलं तेच निघणार. हातवळण म्हणजे आंब्याचं कलम. झाड दुसरं, खोड दुसरं, पण फांदीला फळ तिच्याच जातीचं येतं, आणि दरवर्षी नवं येतं. जे गाणं हृषीकेशनी कधी ऐकलं नाही, त्यावरही तो मृदंग त्यांच्याच वळणाने वाजेल.”

“तेरा मालकांनी वाजवल्यावरही?”

“कलमाला नवा माळी मिळाला म्हणून हापूसचा रायवळ होत नाही.”

रेग्यांनी अट घातली: एकसारखे दिसणारे पाच मृदंग मांडायचे, त्यांतला एक वादातला, आणि बाईंनी ओळखायचा. त्यांना वाटलं, म्हातारी इथे फसेल. बुवा लगेच कबूल झाल्या. उठून त्यांनी पदर खोचला.

“आधी एक सांगते,” त्या म्हणाल्या. “माझा भाऊ मात्रा खायचा. चाळीस वर्षं एकाच जागी. वडिलांचं एक पद होतं: ‘दार माझे उघडे देवा, उंबऱ्याशी का थांबलासी’. ‘थांबलासी’च्या आधीची थाप तो गिळायचा. मी गादीवरून उतरले की त्याला फाडून खायची, मेल्या, पुन्हा मात्रा खाल्लीस! तो म्हणायचा, ताई, भूक लागली होती.”

सगळे हसले. बुवा हसल्या नाहीत.

“तो गेल्यावर दुसरा वादक घेतला. तालाचा अगदी पक्का. पहिल्याच कीर्तनात ‘थांबलासी’ला माझा दम तुटला. लहानपणी न्यूमोनियाने माझं एक फुप्फुस अधू केलंय, साहेब. चाळीस वर्षं माझा भाऊ त्या जागी मला श्वास घ्यायला जागा करत होता, आणि मी त्याला शिव्या देत होते.”

मग मंचाच्या शिपायाने मोजे चढवून एकेक मृदंगावर हात ठेवला, आणि बुवा गायल्या. पहिला मृदंग तालात चालला, दुसराही. तिसरा सुरू झाला. बुवांचं वय आता एकाहत्तर. त्यांचा दम ‘उंबऱ्याशी’लाच संपला. मृदंगाने थाप गिळली ती जुन्या जागी, दोन शब्द उशिरा.

“पाठ केलेली चूक दिसते,” रेगे पुटपुटले.

बुवांनी डोळे मिटून पद पुन्हा घेतलं. ‘उंबऱ्याशी’ आलं. या वेळी मृदंग तिथेच थांबला. एक मात्रा. बुवांनी श्वास भरून घेतला. पुढच्या थापेवर त्यांचा आवाज फुटला, पण ताल सुटला नाही.

अध्यक्षांनी हळूच विचारलं, “डॉक्टर, हे... हृषीकेश आहेत?”

“नाही साहेब. ते गेले. हे त्यांचं लक्ष आहे, बहिणीकडे असलेलं. ते मागे राहिलंय.”

निकाल लागला. अदलाबदल नुसती जागा देणारी नाही. ज्या वस्तूत हातवळण मुरलंय तिचा हात कुणाचा, हे ठाऊक असण्याची जबाबदारी बाजाराची. मृदंग घरी आला. सांगलीत पेढे वाटले गेले.

महिन्याभरात अदलाबदलने जाहीर केलं: निकालाचा आम्ही आदर करतो. ज्या वस्तूंचा हात नव्वद दिवसांत जिवंत साक्षीदाराने ओळखला नाही, त्यांतलं हातवळण पुसून टाकलं जाईल. अशा वस्तू दोन लाख अकरा हजार. बहुतेक सगळे हात मेलेल्या माणसांचे.

बुवा तडक अरीफांकडे गेल्या. “मी जबाबदारी घ्या म्हणाले होते गं. यांनी सांभाळायचं तेच नाहीसं करायला काढलं!”

“कायद्याने त्यांचं चुकत नाही, बुवा. हातवळणच उरलं नाही की जाब कशाचा?”

“म्हणजे माझा एक हात परत आला आणि त्यापायी दोन लाख हात जाणार?”



दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा झांजा घेऊन अदलाबदलच्या कचेरीत हजर. ओळख पटवायच्या खिडकीवरच्या मुलीने अर्ज पुढे केला. “कुठली वस्तू, आजी?”

“सगळ्या.”

“असं नाही चालत. नातं लिहावं लागतं.”

बुवांनी लिहिलं: श्रोता.

“हे नातं यादीत नाही.”

“यादीत घाल. नारदाच्या गादीपुढे बसतो तो सगळ्यांचा असतो. घालेपर्यंत मी इथून हलत नाही. आण पहिली वस्तू, दाखव मला.”

पोलीस आले, परत गेले. एका पोलिसाला त्याच्या आईची कणकेची परात सापडली होती. ती गोळ्यावर शेवटी दोन बोटं उमटवायची. आता लोक येतात, बुवांशेजारी बसतात, हात बघतात. रोज चारदोन ओळखले जातात. एक्केचाळीस दिवस उरलेत.

तुम्हीही बघा. कालपासून तिथे एक रांगोळीची वाटी आहे. कुणा बाईचा हात. सगळे ठिपके जोडते, पण उजव्या कोपऱ्यातला खालचा एक ठिपका दर वेळी मोकळा सोडते आणि त्याच्याभोवती बोट हलकेच फिरवते, जणू तिथे कुणी बसायचं आहे. बुवा तिच्यापुढे तासभर बसल्या, पण ओळख पटली नाही.

तुमच्या आळीत, माहेरी, शेजारी, अशी कुणी होती का हो? घाई नका करू. डोळे मिटा, आणि तिला आठवा.