दुसऱ्या पायरीवरची कळ

चाकाच्या खुर्चीत ती बसली, ती फक्त ब्रेक लागतो की नाही ते बघायला.

तिचा पेशाच तो. शहरातल्या लिफ्ट तपासायच्या आणि 'चालू ठेवा' किंवा 'बंद करा' असं सांगायचं. त्यामुळे दोष सापडला नाही की तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. कुणाच्या घरी गेली तरी आधी दाराची बिजागरी हलवून बघायची, मग 'कसे आहात' विचारायची. लोक दुसऱ्यांदा बोलवायचे नाहीत, पण दारं मात्र सगळ्यांची शाबूत होती.

आज ती आली होती एका शुश्रूषा आणि पुनर्वसन केंद्रात. हाडं मोडलेल्या माणसांना काही आठवडे ठेवून घेऊन पुन्हा चालतं करायची ही जागा. तिच्या आत्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं, आणि आत्याला इथं ठेवावं की सरळ घरी न्यावं, याचा निकाल तिला लावायचा होता.

तर, ब्रेक लागत होता. मान्य. तिनं तो सोडला आणि उठणार, एवढ्यात खुर्ची आपणहून चालू लागली.

"चला, चला, चला!" मागून आवाज आला. "नवीन गुडघा ना? कधीची वाट बघतोय तुमची."

आता, 'मी गुडघा नाही' हे तीन शब्द सांगायला काय हरकत होती? पण तिचा अनुभव असा की लिफ्टला आपली तपासणी चाललीय हे कळू द्यायचं नसतं. कळलं की ती शहाण्यासारखी वागते. तेव्हा तिनं चेहरा शक्य तितका दुखरा केला आणि गप्प बसली.

व्यायामाच्या दालनात दोन समांतर दांडे होते, एक मोठा आरसा होता, आणि एक लाकडी जिना होता — चार पायऱ्या वर जाणारा, चार पायऱ्या पलीकडे उतरणारा आणि कुठंही न पोचणारा. ढकलणारा माणूस पुढं आला. पांढरा कोट, विस्कटलेले केस, आणि भुवयांच्या मधोमध एक काळजीची रेघ. तो खाली बसला आणि तिच्या बुटाची सुटलेली नाडी बांधू लागला.

"सुटी नाडी म्हणजे दुसरं ऑपरेशन," तो गाठीवर गाठ मारत म्हणाला. मग त्यानं वर पाहिलं. "घाबरायचं नाही. मी आहे."

हे वाक्य तो दिवसातून पन्नासदा म्हणत असणार. तरी तिच्या ठणठणीत गुडघ्यात काहीतरी हललं.

ती उठली. दांड्यांच्या मधून चालत टोकापर्यंत गेली, वळली, परत आली.

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"पुन्हा... पुन्हा करून दाखवाल?"

तिनं दाखवलं. या वेळी दांड्यांना हातही लावला नाही.

"सिस्टर!" तो ओरडला. "सिस्टर, लवकर या! ऑपरेशनचा चौथा दिवस आणि बघा!"

सिस्टर आल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"डॉक्टर, या नातेवाईक आहेत. जागा बघायला आल्यात. तुमचा गुडघा बाहेर बाकावर बसून कधीचा शिव्या देतोय."

त्याचे कान लाल झाले. आधी डावा, मग उजवा. हे तिनं नोंदवलं, सवयच ती.

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं कुठं? नुसतं चला-चला."

"इथं सगळे मला तेच म्हणतात," तो कानाला हात लावत म्हणाला. "चलाचला."

बाहेरच्या गुडघ्याची समजूत घातल्यावर तो तिला केंद्र दाखवायला आला. तिनं कठडे हलवून पाहिले, न्हाणीघरातल्या फरशीवर बूट घासून पाहिला, पलंगाशेजारची घंटा दाबली. मग हाताची घडी घालून म्हणाली, "आता दोष सांगा."

"दोष?"

"गुण तुमच्या भिंतीवर रंगवलेत. ते वाचले मी."

त्यानं जरा विचार केला. "संध्याकाळी पाळी बदलते तेव्हा घंटा वाजवली तर माणूस यायला वेळ लागतो. जेवण अळणी. चहा तर... मी स्वतः बाहेर जाऊन पितो. रविवारी व्यायाम नसतो, त्यामुळे सोमवारी सगळे लाकडं होऊन बसतात. आणि एका खोलीत दोघी-दोघी, म्हणजे एक तरी घोरणार."

"आणि?"

"आणि संध्याकाळी नातेवाईक निघून गेले की थोडा वेळ कुणी कुणाशी बोलत नाही." तो खिडकीकडे बघत म्हणाला. "त्यावर आमच्याकडे औषध नाही."

एवढं खरं बोलणारी लिफ्ट तिला आजवर भेटली नव्हती.

घरी न्यायचं तर घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही! साऱ्या शहराच्या लिफ्ट तपासणारी बाई स्वतः जिना चढून घरी जायची, यावर शेजारीपाजारी हसून हसून दमले होते. दिवसभर ती कामावर. आत्याकडून व्यायाम कोण करून घेणार? पण काकांचा फोन आलाच होता — "जिनं तुला तळहातावरच्या फोडासारखं जपलं, तिला परक्यांच्या दारात ठेवतेस?" आईबापांमागं आत्यानंच तिला वाढवलं होतं, एकटीनं, शाळेत पी.टी. शिकवून. तेव्हा तिनं मनाशी एकच ठरवलं: आत्या घरी येईल ती स्वतःच्या पायांनी जिना चढून. नाहीतर हा निकाल चुकला, आणि ही चूक तिला जन्मभर पुरेल.

आत्या दाखल झाली.

रोज कामावरून सुटली की ती तिथं. आत्याच्या पायाची चौकशी झाली की दालनाच्या दारात तो उभा.

"आज काय दोष?"

"खोलीचं दार कुरकुरतं."

दुसऱ्या दिवशी दार गप्प.

"आज?"

"खिडकी नीट लागत नाही. आत्याच्या उशीवर पाऊस येतो."

दुसऱ्या दिवशी खिडकी लागायची, आणि त्याच्या अंगठ्याला पट्टी असायची.

"तुम्ही डॉक्टर आहात की सुतार?"

"तुम्ही येईपर्यंत डॉक्टरच होतो."

ती हसायची आणि मग आपण हसलो म्हणून कपाळाला आठ्या घालायची. तो तिच्यासाठी बाहेरचा चहा आणून ठेवू लागला. ती चहात दोष काढायची आणि कप रिकामा करायची. असं करता करता एक दिवस केंद्रातले दोष संपले. तिनं छतापासून पायपुशापर्यंत पाहिलं, काही सापडेना. आता उद्या काय बोलायचं? मुद्दाम कठडा ढिला करणं तिच्या धर्मात बसत नव्हतं. शेवटी इकडंतिकडं बघून तिनं भिंतीवरचं घड्याळ हळूच तिरकं केलं.

"आज काय दोष?"

"घड्याळ तिरकं आहे."

त्यानं ते सरळ केलं. बराच वेळ केलं. शेजारी उभी राहून ती "अजून जरा डावीकडे..." म्हणत राहिली, आणि घड्याळ दोनदा सरळ होऊन पुन्हा तिरकं झालं.

सगळं छान चाललं होतं. चालत नव्हता तो फक्त आत्याचा जिना.

दांड्यांमध्ये आत्या झपाझप चालायची. काठी घेऊन ओसरीला चक्कर मारायची, वाटेत इतरांना "पाठ ताठ! पोट आत!" असे हुकूम सोडायची. पण केंद्राचा नियम असा की लाकडी जिना चढून उतरल्याशिवाय घरी सोडायचं नाही; आणि आत्या पहिली पायरी चढायची, दुसरीवर पाय ठेवायची आणि —

"अगं आई गं! कळ आली!"

रोज. बरोब्बर दुसऱ्या पायरीवर. त्यानं पाय तपासला, फोटो काढून घेतले, मोठ्या सर्जनना दाखवले. हाड छान जुळलं होतं. एकेक करत आठवडे गेले. बाकावर शिव्या देणारा गुडघासुद्धा बरा होऊन सगळ्यांना हात हलवत घरी गेला. आत्या दुसऱ्या पायरीवरच.

काकांचा पुन्हा फोन आला. दुसऱ्या शहरात मोठं केंद्र आहे, तिथं म्हणे यंत्रावर चालवतात. ती रात्रभर तळमळली. सकाळी येऊन तिनं त्याला सरळच विचारलं.

"खरं सांगा. आत्या जिना चढेल?"

बाहेर पावसाची रिपरिप होती. त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"तिकडे न्या त्यांना."

"काय?"

"तुम्ही पहिल्या दिवशी दोष विचारलेत, तेव्हा एक सांगायचा राहिला. म्हणजे, तेव्हा तो नव्हता." भुवयांमधली रेघ खोल झाली. "पेशंट जिन्यावर असताना डॉक्टरनं पायाकडे बघायचं असतं. मी दाराकडे बघतो. तुम्ही आलात का ते. त्यांना कळ कशानं येते ते मला कळत नाही, आणि कळत नाही ते माझं लक्ष नाही म्हणून असेल, तर... असा माणूस जिन्याजवळ ठेवू नये."

तिला राग यायला हवा होता. तो आलाही, पण त्याच्याबरोबर आणखीही काहीबाही आलं.

"म्हणजे दोष तुमच्यात आहे."

"हो."

"दुरुस्त होईल?"

"नाही वाटत," तो म्हणाला. अगदी शांतपणे, जेवण अळणी आहे म्हटलं होतं तसंच.

आयुष्यात पहिल्यांदाच तिला समोरच्या दोषावर निकाल देता येईना. आत्याचे पाय की... नाही, आत्याचे पायच. "उद्या गाडी बोलावते," ती म्हणाली आणि वळली. डोळ्यात पाणी आलेलं कुणाला दाखवायची तिची पद्धत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आत्या गाडीपाशी अडून बसली. "चलाचला सोबत असेल तरच बसेन. वाटेत कळ आली तर काय ड्रायव्हर बघणार?" मग पुढं म्हणाली, "आणि आधी घरावरून घ्या गाडी. माझे गरम कपडे घरी आहेत."

तो पुढं बसला, या दोघी मागं. आरशात एकदा त्यांची नजरानजर झाली आणि दोघांनीही ताबडतोब खिडकीबाहेरची दुकानं बघायला घेतली. त्यातलं एक तर बंद होतं.

घराखाली गाडी थांबली. ती किल्ली घेऊन जिना चढून वर गेली, कपाटातून कपडे काढले, सूटकेस भरली, दाराला कुलूप लावलं आणि उतरू लागली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आली आणि सूटकेससकट थबकली.

समोर आत्या उभी. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात काठी. दोन पायऱ्या मागं तो, दोन्ही हात पसरून, चक्रीवादळ झेलायला उभा असल्यासारखा.

"आत्या! तू... वर कशी आलीस?"

"जिन्यानं. लिफ्ट आहे का तुझ्या इमारतीत?"

"मी नको नको म्हणत होतो," तो धापा टाकत म्हणाला. आत्या मुळीच धापा टाकत नव्हती. "यांनी गाडीचं दार उघडलं आणि चढायलाच लागल्या!"

"आणि कळ?"

आत्यानं पदरानं कपाळ टिपलं. "तीस वर्षं मुलांची पोटदुखीची सोंगं पकडली मी. त्यातलं एखादं स्वतःला येणारच ना?"

"सोंग?" तिच्या हातातली सूटकेस गळून पडली. "आत्या, मी रात्र रात्र झोपले नाही! मला वाटलं, तुला तिथं ठेवून मी तुझे पाय घालवले!"

आत्याचा चेहरा उतरला. काठी कठड्याला टेकवून तिनं भाचीचा गाल हातात घेतला. "चुकलं गं माझं. तू घरी कशी असतेस ठाऊक आहे? उभ्यानं जेवतेस, बोलायला कुणी नाही. तिथं रोज तुझं हसू ऐकू यायचं खोलीपर्यंत. म्हटलं, मी चढले जिना की हे संपलं. दोघंही असे ठोंबे, की आणखी एक आठवडा दिला तरी घड्याळच सरळ करत बसणार! पण काल हा वेडा माझ्या पलंगाशी बसून माफी मागायला लागला. माझ्या सोंगाचा दोष स्वतःच्या डोक्यावर घेऊन. तेव्हा म्हटलं, बास."

"आत्या, हे फार वाईट केलंत," तो म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. "पण तोल काय सुरेख आहे हो तुमचा."

"शिकवलं कुणी? तूच ना?" आत्यानं काठी उचलली. "आता माझ्या मागं कुणी यायचं नाही. उरलेला जिना माझा मी चढणार. तुम्ही इथंच थांबा आणि काय ते बोलून घ्या."

काठी टक, पाय, पाय. टक, पाय, पाय. दोघंही मान वर करून पाहत राहिली, आत्याचा पदर वळणाआड दिसेनासा होईपर्यंत. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि या खेपेला तिनं ते लपवलं नाही.

"पोचतील," तो हळूच म्हणाला. "आज मी पायाकडेच बघत होतो."

"ठाऊक आहे. मी तुमच्याकडे बघत होते."

त्याचे कान लाल झाले. या वेळी दोन्ही एकदम.

"मग... आता तुम्ही केंद्रात येणार नाही."

"कशाला येऊ? पेशंट बरा झाला."

"हो. बरोबर." तो सूटकेस उचलायला वाकला. तिनंही त्याच वेळी हात घातला. मूठ एकच होती, हात दोन. कुणीच सोडेना.

"तुमच्यात तो एक दोष आहे म्हणालात," ती सूटकेसकडे बघत म्हणाली. "दाराकडे बघत बसायचा."

"हो."

"तो असू द्या. रोज संध्याकाळी मी त्या दाराशी येईन. आत नाही येणार. बाहेरचा चहा प्यायला."

"रोज?"

"रविवारीसुद्धा. नाहीतर सोमवारी लाकूड व्हाल."

तो हसला, आणि काळजीची ती रेघ तिच्यादेखत पुसली गेली. ती रेघ नसताना तो केवढा लहान दिसतो, हे तिला आजच कळलं. तिनं दुसऱ्या हातानं त्याच्या अंगठ्यावरची सुटत आलेली पट्टी नीट दाबून बसवली आणि हात तिथंच राहू दिला.

वरची टकटक थांबली होती. आत्या दाराशी पोचली होती. दाराला कुलूप होतं आणि किल्ली इथं, दुसऱ्या मजल्यावर, तिच्याजवळ. आता हाक येणार म्हणून ती कान देऊन उभी राहिली. आत्याचा आवाज पी.टी.चा, मैदानाच्या पार टोकाला जाणारा.

हाक काही आली नाही.